रिकामा दोर

"आणि भाऊ दोर का धरत न्हाई, ते काय सांगितलंस तू त्या लोकांना?"

चिंधूबाबांनी मान वर न करताच विचारलं. मांडीवर घायपाताचा वाख होता. बोटं चालली होती. वळता वळता वाखाचा दोर होत होता.

श्रीरंग समोर उभाच होता. खालच्या गावात गाडी लावून तो दोन तास चढून आला होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. दिलेलं पाणी तांब्यात तसंच होतं.

"तुम्ही सांगितलं तेच मी सांगितलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"आता आठवत नाही म्हणा. सोपं आहे."

"वय झालं पोरा. तूच सांग."

 श्रीरंगचा मोठा भाऊ जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. बेचाळीस दिवसांत तो कुणाशी धड बोलला नव्हता आणि आज सगळं एकदम तोंडाशी आलं होतं.

"तुमच्या या दोराने माझा दादा मारला, बाबा."

बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"बस तरी," चिंधूबाबा म्हणाले. "उभ्याने भांडलं की पाय दुखतात."

कड्यावरच्या या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या लोक मोहळं काढत आले. आग्या माश्यांची मोहळं, तीही कड्याच्या पोटाला, जिथे पक्ष्याशिवाय कोणी पोचत नाही. एक माणूस कमरेला दोर बांधून खाली उतरतो. दुसरा वर बसून तो दोर धरतो. धरणारा कड्याकडे पाठ करून बसतो, टाचा खडकाला लावून. त्याला खालचं काहीच दिसत नाही. हाताला जे कळेल तेवढंच. एक हिसका आला की दोर सैल सोडायचा. दोन आले की थांबायचं. तीन आले की ओढायचं.

आणि दोर धरतो तो उतरणाऱ्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ. सख्खा भाऊ कधीच धरत नाही. तशी रीतच नाही.

वाडीतल्या प्रत्येक माणसाला दोर शिकवला तो चिंधूबाबांनी. आता नजर अधू झाली होती, पण नव्या दोराला त्यांचा हात लागल्याशिवाय अजूनही कोणी तो कमरेला बांधत नसे.

साडेतीन वर्षांपूर्वी श्रीरंग इथे आला होता तो एका कंपनीच्या बारा साहेबांना घेऊन. शिबिर होतं. साहेबांनी तंबूत राहायचं, डोंगर चढायचा आणि काहीतरी शिकून जायचं, असा बेत. चिंधूबाबांनी त्यांना दोर दाखवला होता, हिसके सांगितले होते, मेव्हण्याची रीत सांगितली होती. साहेब लोक खूश झाले होते. श्रीरंग तर सगळ्यांत जास्त. बाबांचं पुरतं बोलून होण्याआधीच त्याने वहीत लिहून घेतलं होतं आणि वही मिटली होती.

जाताना त्याला झोपडीच्या दाराच्या चौकटीवर टांगलेला एक जुना, धुराने काळा पडलेला दोर दिसला होता.

"हा केवढ्याला द्याल? माझ्या ऑफिसच्या भिंतीवर छान दिसेल."

"तो विकायचा न्हाई," बाबा म्हणाले होते. "तो आलेला हाय."

श्रीरंग हसला होता. म्हाताऱ्याला जरा जास्त पैसे हवेत, असं त्याला वाटलं होतं.

आज तो दोर तिथेच होता. श्रीरंगने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तू काम काय करतोस म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"मोठ्या साहेबांचे पगार आखून देतो."

"ते स्वतः आखत न्हाईत?"

"कंपनीचं बोर्ड ठरवतं. पण कसं द्यायचं, किती द्यायचं, कशाच्या बदल्यात द्यायचं, हे मी लिहून देतो. त्याला पॅकेज म्हणतात."

"एवढं काय लिहायचं असतं त्यात? महिना झाला, पगार दिला."

"तसं नसतं, बाबा. साहेबाला तीन वाटे असतात. एक दर महिन्याला. एक वर्ष संपलं की. आणि तिसरा तीन वर्षांनी. तो सगळ्यांत मोठा. तो मिळावा म्हणूनच साहेब टिकतो."

"आणि न्हाई दिला तर?"

"सोडून जातो."

"कुठं?"

"दुसऱ्या कंपनीत."

"तिथं त्याचे वाटे कोण आखतं?"



"बऱ्याचदा मीच."

चिंधूबाबा हसले. दात दोनच होते, पण हसू पुरं होतं. "मंग त्याचा मेव्हणा तूच म्हणायचा!"

श्रीरंगला हसू आलं नाही. तो मटकन खाली बसला. 

"मी तुमची रीत नेली, बाबा. खरंच नेली. रासायनिक कारखाना होता. कामगारांना इजा व्हायच्या, कुणी लक्ष देत नव्हतं. मी बोर्डाला म्हणालो, कड्यावर एक वाडी आहे. तिथे भावाला दोर धरू देत नाहीत. कारण खाली उतरलेला भाऊ पडला की त्याची जमीन दोर धरणाऱ्या भावाला मिळते. त्याचा फायदा होतो. मेव्हण्याचा होत नाही. उलट त्याची बहीण विधवा होते. म्हणून तो जिवापाड धरतो. तसंच साहेबाचं करू. कामगार पडला तर साहेबाचं नुकसान झालं पाहिजे."

"हे मी सांगितलं होतं? जमिनीचं?"

"सांगितलं नव्हतं. पण ते उघडच आहे ना."

"बरं. पुढं?"

"पुढे मी अट घातली. तीन वर्षांत एकही मोठा अपघात झाला नाही, तरच तिसरा वाटा. एक जरी झाला, तर काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबा. बोर्डाच्या अध्यक्षांनी उठून हात मिळवला."

"मंग अपघात थांबले?"

"थांबले. पहिल्याच वर्षी शून्य. दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षीही."

"चांगलं झालं."

"रजिस्टरमध्ये थांबले," श्रीरंग म्हणाला.

...

वाऱ्याने वाखाचे तंतू उडाले. बाबांनी ते पायाखाली दाबून धरले.

"बोट तुटलं तर 'घरी भाजी चिरताना' असं लिहायचे. कोणी घसरलं तर त्या दिवशी त्याची रजा टाकायचे. ॲम्ब्युलन्स आली तर गेटवर नोंद होते, म्हणून ती बोलवायचीच नाही. मी अट नोंदीला बांधली होती, बाबा. माणसाला बांधायची राहिली."

"एक इचारू?"

"विचारा."

"साहेबाची बहीण त्या कारखान्यातल्या कोणाच्या घरात दिली होती?"

 

"दादा तिथे बावीस वर्षं होता," श्रीरंग म्हणाला. आवाज खाली आला होता. "रघुनाथ. नववीत शाळा सोडली त्याने. वडील गेले आमचे, आणि दोघांच्या फीचे पैसे नव्हते. तो म्हणाला, रंगा हुशार आहे, रंगा शिकेल. तो कारखान्यातल्या पंपावर उभा राहिला आणि मी कॉलेजात गेलो. माझ्या सगळ्या फिया त्याच्या जादा पाळीतून गेल्या. आणि जेव्हा त्याला कळलं की त्याच्याच कंपनीच्या साहेबाचं पॅकेज मी लिहितोय, तेव्हा त्याने अख्ख्या कॅन्टीनला चहा पाजला. म्हणाला, साहेब माझ्या धाकट्याच्या हाताखाली आहे."

बाबा गालात हसले. श्रीरंगही हसायला गेला, पण ओठ वाकडे झाले.

"पंपाचं सील फुटलं. वायू सुटला. त्याच्या छातीत गेला. मोटारसायकलवर बसवून घरी सोडला त्याला. अर्ध्या दिवसाची रजा लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. घरात. अंथरुणावर. डॉक्टरने लिहिलं, हृदय बंद पडलं."

त्याने पिशवी उघडली. आतून एक कागद काढला आणि खडकावर पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. एक दगड दोनदा घसरला.

"तीन वर्षं पूर्ण झाली. अट पाळली गेली, तिसरा वाटा देण्यास हरकत नाही, असं मी लिहून द्यायचंय. सोमवारी. माझी सही झाली की साहेबाला मिळणार."

"मला वाचता येत न्हाई. यात तुझा भाऊ कुठं हाय ते दाखव."

श्रीरंगने कागदावर बोट ठेवलं.

"इथे. झालेल्या अपघातांची संख्या."

"काय लिहिलंय?"

"शून्य."

चिंधूबाबा वाकले. अधू डोळे कागदाच्या अगदी जवळ नेले. त्या गोल आकड्यावर त्यांनी अंगठा ठेवला. अंगठ्याखाली तो पुरता झाकला गेला. अंगठा उचलला, आकडा होता तिथेच होता.

ते उठले.

"चल. दोर धर."

"काय?"

"माझ्या दोराने भाऊ मारला म्हणालास. मंग धरून तर बघ."

कडा झोपडीपासून पन्नास पावलांवर होता. दुपारचं ऊन खडकावर लखलखत होतं. बाबांनी नवा दोर एका उभ्या दगडाला एक वेढा घालून आणला, टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक श्रीरंगच्या हातात दिलं.

"पाठ कर. टाचा इथं लाव."

"बाबा, तुमचं वय..."

"माझं वय मला माहीत हाय. एक हिसका?"

"सैल सोडायचं."

"दोन?"

"थांबायचं."

"तीन?"

"ओढायचं."

"शहाणा हायस."

आणि म्हातारा कड्यावरून दिसेनासा झाला.

श्रीरंगसमोर आता फक्त माळ होता, झोपडी होती, झोपडीच्या चौकटीवरचा काळा दोर होता. पाठीमागे काय चाललंय ते काहीच दिसेना. मग हातात वजन आलं. माणसाचं वजन. एवढ्याशा सुकलेल्या म्हाताऱ्याचं वजन इतकं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ते जिवंत होतं, हलत होतं. तो हात हात दोर सोडत गेला. तळव्यांना चटके बसायला लागले.

मग दोर ताठ झाला. थांबला.

एक हिसका आला.

श्रीरंगने दोर आणखी घट्ट धरला.

पुन्हा एक हिसका.

सोडायला हवं, हे त्याला कळत होतं. आत्ताच तर त्याने ते तोंडाने सांगितलं होतं. पण बोटं उघडेनात. सोडला आणि गेला तर? हातातून दुसरा माणूस गेला तर?

"अरे सोड!" खालून आवाज आला. "सोड रे बाबा, सोड!"

तो सोडेना. तळवे सोलले. दोराला रक्त लागलं. टाचा खडकात रुतवून, डोळे गच्च मिटून तो धरून बसला. तोंडाने काहीतरी बडबडत होता. "नाही सोडणार... नाही सोडणार..."

किती वेळ गेला कोण जाणे. खरवडल्याचा आवाज आला, शिव्यांचा आवाज आला, आणि चिंधूबाबा कड्याच्या खोबणींत पाय रोवत रोवत, दोराची मदत न घेता, आपणच वर आले. कोपर खरचटलं होतं.

"वीतभर!" ते धापा टाकत म्हणाले. "पायाखाली कपार होती. टेकायला वीतभर दोर कमी पडत होता. वीतभर सोडला असतास तर आरामात बसलो असतो. लटकवून ठेवलंस मला आंब्यासारखा!"

"मला वाटलं... तुम्ही पडाल."

"मी हिसका दिला न्हाई?"

"दिला."

"कळला न्हाई?"

"कळला. सोडवेना, बाबा."

चिंधूबाबा त्याच्या शेजारी खडकावर बसले. त्याच्या मुठी एकेक बोट उघडत त्यांनी दोर काढून घेतला. सोललेल्या तळव्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणून भावाला धरू देत न्हाईत," ते म्हणाले.

श्रीरंगने मान वर केली.

"जमिनीसाठी न्हाई रे. जमीन हाय कुठं आमच्याकडे? कधी दोर बांधलेला खुंट उखडतो. कधी दगड निसटतो. तवा धरणाऱ्याला सोडावं लागतं, न्हाई तर तोही जातो. मेव्हणा सोडतो. रडत रडत सोडतो, पण सोडतो. वर बहीण हाय, तिची पोरं हायत, त्यांना कुणीतरी बघायला पाहिजे. भाऊ सोडत न्हाई. माझ्या आज्याच्या वेळी एका घरातले दोघं गेले, एकाच दोराला. तवापासून ही रीत."

...

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. तू वही मिटलीस."

 सोललेले हात श्रीरंगने मांडीवर उपडे ठेवले. मग उताणे केले. मग पुन्हा उपडे. जणू ते कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नव्हतं.

"मी सोडला, बाबा."

"कधी?"

"दादाचा फोन आला होता. गेटवरून. म्हणाला, रंगा, छातीत जळतंय रे. हे लोक ॲम्ब्युलन्स नको म्हणतायत. मोटारसायकलवर घरी पाठवतायत. तू बोल ना तुझ्या साहेबांशी."

"मंग?"

"मी मीटिंगमध्ये होतो. त्याच साहेबाच्या पुढच्या तीन वर्षांच्या पॅकेजची मीटिंग. बाहेर येऊन फोन घेतला. आणि मी म्हणालो..."

  खाली दरीत एक घार फिरत होती. ती तीनदा फिरून गेली.

"मी म्हणालो, दादा, घरी जाऊन पड. आत्ता गाजावाजा नको. एकोणीस दिवस राहिलेत."

"एकोणीस दिवस कसले?"

"तीन वर्षं पुरी व्हायला. दादाला ते माहीतही नव्हतं. त्याने विचारलंही नाही. 'बरं,' म्हणाला. 'तू म्हणतोस तर बरं.'"

बाबांनी दोर गुंडाळून बाजूला ठेवला.

"मग आणखी दोनदा फोन आला. मी घेतला नाही. आत जाऊन बसलो होतो. काय सांगत होतो माहितीये बाबा, त्या वेळी? तुमच्या दोराची गोष्ट. नवीन लोक होते बोर्डावर, त्यांना. फोन टेबलावर थरथरत होता आणि मी हिसके समजावत होतो."

"एकूण किती फोन?"

"तीन."

 स्वतःच्याच तोंडचं 'तीन' श्रीरंगने ऐकलं आणि तो खडकावर कपाळ टेकून लहान पोरासारखा रडला. बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. फक्त तांब्या आणून शेजारी ठेवला.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो उठून बसला. पाणी प्याला. सगळा तांब्या रिकामा केला.

"वहिनीला माहीत नाही," तो म्हणाला. "तिला वाटतं, खरंच हृदय बंद पडलं. ती मला अजून ताट वाढते. परवा म्हणाली, भाऊजी, तुम्ही आहात म्हणून आम्हाला धीर आहे. मला घास गिळवेना."

"कागदावर सही केली न्हाई तर?"

"तर कारण द्यावं लागेल. अपघात झाला होता याचा पुरावा एकच आहे. माझ्या फोनवर आलेला दादाचा फोन. बाकी सगळं त्यांनी पुसलंय. मी बोललो तर मी काय म्हणालो तेही बाहेर येणार. साहेबाचा वाटा जाईल, माझा धंदा जाईल, ते सगळं जाऊ दे. पण वहिनी..."

"आणि सही केली तर?"

"तर दादा शून्यच राहील. कायमचा."

तो झोपडीकडे बघत होता. चौकटीवरचा काळा दोर संध्याकाळच्या उन्हात आणखी काळा दिसत होता.

"बाबा, आता दोराला कोणीच नाही. मी ओढून तरी काय ओढू?"

"रिकामा दोरही ओढावा लागतो," चिंधूबाबा म्हणाले. "माणूस गेला तरी दोर खाली सोडून येत न्हाईत. ज्यानं धरला त्यानंच वर ओढायचा. आणि ज्यानं धरला त्यानंच तो गेलेल्याच्या बायकोच्या दारात नेऊन ठेवायचा. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा न्हाई."

श्रीरंग हळूच वळला.

"तो... तो दोर?"

"माझ्या बापाचा. मी सात वर्षांचा होतो. मामाने धरला होता."

"तुम्ही म्हणाला होतात, तो आलेला आहे..."

"मामा घेऊन आला. एवढ्याच वेळी, उन्हं उतरताना. आई चुलीपुढं होती. दोर बघितला आणि तिला कळलं."

"काय म्हणाली?"

"काही न्हाई. तीन दिवस सख्ख्या भावाशी बोलली न्हाई. मामा दाराबाहेर बसून राहिला. उठला न्हाई, जेवला न्हाई. चौथ्या दिवशी तिनं दोर उचलला आणि चौकटीवर टांगला. मंग मामाला भाकरी वाढली."

"माफ केलं?"

"ते मला माहीत न्हाई. भाकरी वाढली, एवढं बघितलं."

...

"मला त्यानंच वाढवलं. दोर त्यानंच शिकवला."

श्रीरंग उठला. खडकावरच्या कागदावरून त्याने एकेक दगड काढला. कागद हातात घेतला, सोललेल्या तळव्याचा डाग एका कोपऱ्यात उमटला. शून्याच्या बऱ्याच खाली, सहीच्या जागेच्या जरा वर, एक ओळ होती. ती त्यानेच कधीतरी घातली होती, कागद भारदस्त दिसावा म्हणून. तीन वर्षांत ती कुणी भरली नव्हती. 'वरील काळातील एखाद्या अपघाताविषयी काही सांगायचे असल्यास येथे लिहावे.'

त्याने शून्यावर काट मारली. कागद गुडघ्यावर धरून त्या ओळीपाशी पेन नेलं. आणि थांबला. इतकी वर्षं इतक्या लोकांसाठी इतकी पानं लिहिली होती. आता एक वाक्य सुचेना. आणि कागदावर जे लिहायचं, तेच आज रात्री उंबऱ्यात उभं राहून वहिनीला सांगायचं होतं.

"बाबा..."

"हं."

"दोर दारात ठेवताना मामा काय म्हणाला होता?"

चिंधूबाबांनी वाख पुन्हा मांडीवर घेतला होता. बोटं चालली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"'मी धरला होता.'"